मागें घेतलेला नियम आणि मागें उरलेलीं उत्तरें

दिलेला शब्द पाळावा कीं नाहीं, आणि पाळावयाचा तर कोठपर्यंत, या प्रश्नाची चर्चा आमच्याकडे हरिश्चंद्राच्या आख्यानापासून आणि पाश्चात्यांकडे कांटच्या नीतिमीमांसेपासून इतकी झाली आहे कीं, तींत नवी भर घालण्याचें धाडस कोणी सहसा करूं नये. त्या मानानें, उच्चारलेला शब्द मागें घेण्याचा प्रश्न उपेक्षितच राहिला. आपण आयुष्यांत हजारों विधानें करतों, नियम घालून देतों, माणसांविषयीं मतें ठरवितों. त्यांपैकीं एखादें पुढें चुकीचें ठरतें, आणि तेवढें एकच काढून बाकीचीं जशींच्या तशीं ठेवावीं अशी आपली इच्छा असते. हें शक्य आहे काय? आणि तें एक काढलें म्हणजे त्याबरोबर आणखी काय काय काढावें लागतें? या प्रश्नाचें उत्तर नीतिशास्त्राच्या ग्रंथांपेक्षां एका अनपेक्षित ठिकाणीं अधिक स्वच्छ सांपडतें असें मला वाटतें. तें ठिकाण म्हणजे संगणकाला आज्ञा देण्यासाठीं रचलेली एक भाषा. वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत हा विषय पाहून वाचकांच्या कपाळाला आठी पडेल हें मी जाणून आहें. परंतु भाषा म्हटली कीं ती कोणाची कां असेना, तिच्यांत बोलणें आणि बोललेलें मागें घेणें या दोन्ही क्रिया आल्याच. मनुष्याच्या मनांत त्या धुक्यांत चालतात, येथें उजेडांत चालतात, एवढाच फरक.

ही भाषा म्हणजे स्टीफन वुल्फ्रम व त्याचे सहकारी यांनीं सिद्ध केलेली आणि १९८८ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेली 'मॅथेमॅटिका'. अलीकडे तिला वुल्फ्रम भाषा असेंही म्हणतात. जॉन मॅकार्थी यानें १९६० सालीं ज्या 'लिस्प' भाषेचें वर्णन प्रसिद्ध केलें तिच्याशीं हिचें नातें जवळचें आहे. अशा भाषांना प्रतीकात्मक म्हणतात, कारण त्यांचा व्यवहार केवळ आंकड्यांशीं नसून चिन्हांशीं असतो. हिचा एक स्वभाव मला प्रथमपासून फार सभ्य वाटत आला आहे. 'फ' या नांवाविषयीं तिला कांहींही सांगितलेलें नसतांना 'फ(३) म्हणजे किती?' असें विचारलें, तर ती शून्य म्हणत नाहीं आणि तक्रारही करीत नाहीं. ती 'फ(३)' एवढेंच परत करते. जें सांगितलें नाहीं त्याचें उत्तर द्यावयाचें नाहीं, प्रश्न जसा आला तसा हातीं परत द्यावयाचा, ही शिस्त कित्येक विद्वानांनाही साधलेली नसते.

आतां तिला एक व्याख्या सांगूं. 'फ(क्ष) म्हणजे क्षचा वर्ग. क्ष कोणताही असो.' हा नियम डाव्या व उजव्या बाजूसह ती 'फ'च्या नांवाखालीं जपून ठेवते, आणि फ(३) विचारतांच ९ असें उत्तर देते. पुढें कांहीं कारणानें आपण सांगितलें कीं, 'फ(३) म्हणजे १०.' ही व्याख्याही ती त्याच यादींत ठेवते, व विशेष नियम सामान्य नियमाच्या आधीं लावते. संस्कृत व्याकरण ज्यानें थोडेंबहुत वाचलें असेल त्याला येथें उत्सर्ग आणि अपवाद आठवल्यावांचून राहणार नाहींत. अपवाद उत्सर्गाहून बलवान्, ही व्यवस्था पाणिनीच्या शास्त्रांत आहे तशीच येथें आहे. ती कोणीं कोणापासून घेतली असा प्रश्न मात्र काढूं नये, कारण नियमांचा संग्रह चालवूं पाहणाऱ्या कोणालाही ती सुचणारच.

सांगितलेलें काढून टाकण्याच्या या भाषेंत अनेक पायऱ्या आहेत. 'क्लिअर' म्हटलें म्हणजे त्या नांवाखालच्या सगळ्या व्याख्या जातात, नांव व त्याचे गुणधर्म राहतात. 'रिमूव्ह' म्हटलें म्हणजे नांवच पुसलें जातें. गंमत अशी कीं, तें नांव आधींच दुसऱ्या कोठल्या व्याख्येंत गुंफलेलें असेल, तर तेथें त्याच्या जागीं 'काढून टाकलेलें' असा शिक्का दिसूं लागतो; आणि आपण पुन्हा तेंच अक्षर लिहिलें तर तें नवेंच नांव ठरतें, जुन्याशीं त्याचा कांहीं संबंध राहत नाहीं. या दोन्ही आज्ञा म्हणजे घर झाडण्याऐवजीं घर रिकामें करणें किंवा पाडणें. आपल्याला हवी ती तिसरी, 'अनसेट'. जी एक व्याख्या नको असेल तिची डावी बाजू लिहावयाची, पुढें बरोबरीचें चिन्ह आणि एक टिंब. तेवढीच व्याख्या जाते, शेजारची हलत नाहीं.

परंतु तिची एक अट आहे. डावी बाजू मूळांत होती तंतोतंत तीच असली पाहिजे. नियमाला 'क्ष धन असेल तर' असें कांहीं पोटवाक्य जोडलेलें असेल, तर काढतांना तें पोटवाक्यही जसेंच्या तसें लिहावें लागतें. फ(५) विचारलें असतां २५ असें उत्तर येतें हें खरें, पण म्हणून 'फ(५) काढून टाक' म्हणावें तर यंत्र बजावतें कीं अशी नेमणूक आढळली नाहीं, आणि 'असफल' असा निकाल देऊन मोकळें होतें. फ(५) वेगळें असें कोणीं सांगितलेंच नव्हतें. तें सामान्य नियमाच्या पोटांतून निघालें होतें. जें बोललों नाहीं तें मागें घेतां येत नाहीं, आणि जें बोललों तें अचूक उच्चारल्यावांचून मागें घेतां येत नाहीं. सार्वजनिक जीवनांतील क्षमायाचना वाचतांना मला या 'असफल' शब्दाची वारंवार आठवण होते. 'कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास' अशी सुरुवात करून जें निवेदन केलें जातें, त्याची डावी बाजू मूळ विधानाशीं कोठेंच जुळत नसते. म्हणून तें विधान होतें तेथेंच राहतें, आणि निवेदनकर्ता मात्र आपण तें काढलें अशा समजुतींत घरीं जातो.

फ(३)चा अपवाद काढला म्हणजे फ(३) पुन्हा ९ होतें. सामान्य नियम मेलेला नव्हता, दबलेला होता. दडपण उठतांच तो वर आला. याउलट, फ(३) प्रथम १० सांगून मागाहून ११ सांगितलें असेल आणि तें ११ आपण काढलें, तर १० परत येत नाहीं. नवें येतांच जुनें नष्ट झालें होतें. आमच्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टाच्या सहाव्या कलमांतही असाच विवेक आहे: एखादा कायदा रद्द झाला म्हणून तो रद्द होतेवेळीं जें अमलांत नव्हतें तें जिवंत होत नाहीं. दबलेलें आणि मेलेलें यांतील हा भेद मागें घेणाऱ्यानें आधीं पाहून ठेवावा. पुष्कळदां आपण एखाद्याविषयींचें चांगलें मत अपवाद म्हणून धरलेलें असतें. तें गेलें कीं मन निरुत्तर होत नाहीं, त्याच्या जातीविषयीं किंवा धंद्याविषयीं मनांत दबून बसलेला सामान्य नियम लागलीच उत्तर देऊं लागतो.

येथवर गोष्ट सरळ आहे. अवघड भाग पुढें आहे, आणि तो यंत्राला आठवण देण्यापासून उत्पन्न होतो.

एक प्रसिद्ध संख्यामाला घेऊं. पहिल्या दोन संख्या ० आणि १. पुढची प्रत्येक संख्या मागच्या दोहोंची बेरीज. युरोपांत ती फिबोनाचीच्या नांवानें ओळखली जाते. बाराव्या शतकांत हेमचंद्रानें मात्रावृत्तांचे प्रकार मोजतांना हाच बेरजेचा नियम दिला होता, हें छंदःशास्त्राच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. यंत्राला आपण तीन गोष्टी सांगतों: फ(०) म्हणजे ०, फ(१) म्हणजे १, आणि फ(न) म्हणजे मागच्या दोन फ-किंमतींची बेरीज. आतां फ(३०) विचारावें, तर यंत्र प्रत्येक वेळीं मुळापर्यंत जाऊन परत येतें. या एका उत्तरासाठीं त्याला एकंदर २६,९२,५३७ वेळां 'फ'कडे जावें लागतें, कारण एकदां काढलेलें उत्तर तें पुढच्याच क्षणीं विसरतें. म्हणून जाणते लोक नियमांतच अशी सोय करतात कीं, निघालेलें प्रत्येक उत्तर यंत्रानें स्वतंत्र व्याख्या म्हणून लिहून ठेवावें. तसें केलें म्हणजे तेंच काम ५९ खेपांत होतें. यादींत मात्र आतां आपण सांगितलेल्या तीन व्याख्यांशिवाय फ(२), फ(३) पासून फ(३०) पर्यंत यंत्रानें स्वतः लिहिलेल्या २९ व्याख्या येऊन बसतात.

समजा, सामान्य नियमच चुकला असें आपल्या ध्यानांत आलें. आपण तो, डावी बाजू अचूक लिहून, काढून टाकला. यंत्रानें निमूटपणें तो काढला. तरी फ(१०) विचारावें तर उत्तर ५५! नियम गेला, नियमाचीं उत्तरें राहिलीं. याहून विलक्षण प्रकार असा: नियम तसाच ठेवून मूळचें पद बदलूं. फ(०) म्हणजे ० नव्हे, २, असें सांगूं. या नव्या आरंभाप्रमाणें फ(१०) हें १२३ यावयास हवें. येतें ५५. फ(३१) तर यंत्रानें यापूर्वीं कधींच काढलेलें नव्हतें. तें तरी नव्या हिशेबानें यावें? तेंही येत नाहीं. यंत्र फ(३०) आणि फ(२९) हीं जुनीं उत्तरें घेतें, त्यांची बेरीज करतें आणि १३,४६,२६९ सांगतें; म्हणजे दुरुस्तीनंतर जन्मलेलें उत्तरही दुरुस्तीपूर्वींच्याच वंशाचें. दुरुस्ती कागदोपत्रीं झाली आहे. फ(०) विचारलें तर २ असेंच उत्तर येतें. पण तें पद आतां कोणी विचारीतच नाहीं.

यावर उपाय काय? 'डाउनव्हॅल्यूज' म्हणून या भाषेंत सोय आहे. तिच्यायोगें एका नांवाखालच्या सर्व व्याख्यांची यादी डोळ्यांपुढें मांडतां येते व तींतल्या नकोत त्या गाळतां येतात. सामान्य नियमाच्या डाव्या बाजूस 'कोणताही न' अशी मोकळी जागा असते, यंत्रानें लिहिलेल्या उत्तरांत ती नसते. तेव्हां ज्यांत मोकळी जागा नाहीं त्या सगळ्या व्याख्या काढा, असें म्हणतां येईल. परंतु फ(०) आणि फ(१) यांतही मोकळी जागा नाहीं. ते तर आपणच सांगितलेले, ज्यांच्यावर सगळी इमारत उभी ते दोन पाये. यादींत पाहतां फ(१) आणि फ(१०) यांच्यांत कसलाही भेद दिसत नाहीं. एक ऐकलेलें, दुसरें अनुमानानें काढलेलें. परंतु कोणतें कोठून आलें याची खूण यंत्रानें ठेवलेलीच नाहीं.

दोष काय तो येथें आहे. आमच्या नैयायिकांनीं ज्ञानाचे अनुभव आणि स्मृति असे दोन भेद करून स्मृतीला प्रमाणांच्या पंक्तींत बसूं दिलें नाहीं. तर्कसंग्रह पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला ही निव्वळ वर्गीकरणाची हौस वाटते. मलाही पुष्कळ वर्षें तें तसें शिकविण्यापलीकडे त्यांत कांहीं दिसलें नव्हतें. त्यांचा आशय असा दिसतो कीं, स्मृतीचा खरेपणा तिचा स्वतःचा नसतो, ज्या अनुभवापासून ती निघाली त्याचा तो उसना असतो. म्हणून सावकार बुडाला तर ऋणकोची पतही तपासली पाहिजे. पण त्यासाठीं कर्ज कोणाचें घेतलें हें वहींत लिहिलेलें असावें लागतें. जॉन डॉइल या अमेरिकन संशोधकानें १९७९ सालीं अशीच वही यंत्रासाठीं योजिली. तींत प्रत्येक विधानासोबत त्याचीं कारणें नोंदलेलीं असतात. एखादें कारण मागें घेतलें कीं, ज्या विधानांना दुसरा आधार नाहीं तीं आपोआप बाजूस काढलीं जातात. तीं खोटीं ठरविलीं जात नाहींत, निराधार ठरविलीं जातात. आणि हा फरक महत्त्वाचा आहे. कारण वाईट असलें म्हणून निष्कर्ष वाईटच असतो असें नाहीं. तो दुसऱ्या वाटेनें खरा निघूं शकेल. फ(१०) पुसलें म्हणजे यंत्र 'चूक' म्हणत नाहीं, पहिल्यासारखें 'फ(१०)' असें परत करतें.

यावर एक आक्षेप येतो व तो हलका नाहीं. गिल्बर्ट हार्मन या तत्त्वज्ञानें १९८६ सालच्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, मनुष्य आपल्या मतांचीं कारणें लक्षांत ठेवीत नाहीं, आणि ठेवूं लागला तर त्याचें मन अडगळीनें भरून जाईल. हें खरें आहे. प्लासीची लढाई १७५७ सालीं झाली हें मी कोणत्या पुस्तकांत प्रथम वाचलें तें मला सांगतां येणार नाहीं, आणि त्यावांचून माझें कांहीं अडतही नाहीं. तेव्हां प्रत्येक मतामागें कारणांची वही बाळगावी असा नीतिनियम कोणी घालूं म्हणेल तर तो पाळणें अशक्य आहे. माझें म्हणणें एवढेंच कीं, ही सवलत ज्याची त्यानें स्वतःपुरती घ्यावी. दुसऱ्या माणसाविषयीं जो निर्णय आपण नोंदून ठेवतों, आणि जो पुढें तिसऱ्याच्या हातीं जाणार असतो, तेथें कारण गाळून नुसती किंमत लिहिणें म्हणजे तो निर्णय मागें घेण्याचें सामर्थ्य आधींच टाकून देणें होय.

तिसऱ्याच्या हातीं गेल्यावर काय होतें याचेंही रूप यंत्रांत दिसतें. 'ग' म्हणून दुसरें एक फलन आहे, आणि तें 'फ'च्या दुप्पट किंमत काढून आपल्यापाशीं लिहून ठेवतें. ग(१०) म्हणजे ११०. आतां 'फ' सबंध पुसून टाका, ग(१०) विचारा, ११०च येतें. आतां 'फ' नांवाचें कांहीं होतें हें विचारण्याचेंही 'ग'ला कारण उरलेलें नाहीं.

हें केवळ यंत्राचें कौतुक असतें तर मी एवढी शाई खर्च केली नसती. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याचा सामान्य नियम असा कीं, अमुक जमातींत जन्मलेला मनुष्य गुन्हेगारीच्या प्रवृत्तीचा समजावा. त्या नियमावरून माणसांच्या नांवांच्या नोंदी झाल्या, हजेऱ्या लागल्या, कुंपणाच्या वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरची सेटलमेंट आपल्याकडील वाचकांना ऐकून तरी माहीत असेल. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं स्वतंत्र भारतानें तो कायदा रद्द केला व त्या जमाती विमुक्त म्हणविल्या जाऊं लागल्या. नियम काढला तो अचूक काढला; त्याची डावी बाजू बरोबर लिहिली होती. परंतु मधल्या ८१ वर्षांत त्या नियमानें जीं उत्तरें लिहवून घेतलीं होतीं तीं चौकीच्या दप्तरांत, पाटलाच्या बोलण्यांत, तुरुंगाच्या नियमावलींत स्वतंत्र व्याख्या होऊन बसलीं होतीं. गांवांत चोरी झाली कीं प्रथम पारध्याच्या पालावर जाणाऱ्यानें १८७१ चा कायदा कधीं वाचलेला नसतो. त्याच्यापाशीं नियम नाहींच, नुसती किंमत आहे. म्हणून नियम रद्द झाल्याची वार्ता त्याला लागू पडत नाहीं. आणि १९५२ नंतर जीं पिढी जन्मली तिच्याविषयींचें उत्तर फ(३१)प्रमाणें जुन्या दोन उत्तरांची बेरीज करून निघत राहिलें.

कोणी म्हणेल, कायदा रद्द करतांना त्याखालीं घडलेल्या गोष्टी राखाव्या असेंच तर वर उल्लेखिलेलें सहावें कलम सांगतें. सांगतें, आणि योग्यच सांगतें; जुन्या कायद्याखालीं कोणाला मिळालेला हक्क नव्या कायद्यानें सहज बुडूं लागला तर व्यवहार चालणार नाहीं. पण तेथेंही पुढच्या कायद्यांत वेगळा हेतु दिसत नसेल तरच, असें बंधन आहे. काय ठेवावयाचें व काय नाहीं हें कायदेमंडळानें विचार करून ठरवावें अशी अपेक्षा त्यांत आहे. हक्क राखणें ही एक गोष्ट. कलंक राहून जाणें ही दुसरी. पहिलीला कोणाचा तरी निर्णय लागतो, दुसरीला कोणाचाच लागत नाहीं.

३ ऑक्टोबर १९२४ नव्हे, २०२४ रोजीं भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें तुरुंगांतील जातिभेदासंबंधींच्या एका अर्जावर निर्णय दिला. वाचकांनीं सालाकडे पुन्हा एकदां पाहावें; मूळ कायदा जाऊन तेव्हां ७२ वर्षें झालीं होतीं. कैद्यांना जातीवरून कामें वांटून देणारीं आणि फिरस्त्या व विमुक्त जमातींच्या लोकांविषयीं जुनाच संशय बाळगणारीं कलमें निरनिराळ्या राज्यांच्या तुरुंग-नियमावलींत तोंवर जिवंत होतीं. तीं घटनाबाह्य ठरवून न्यायालयानें राज्यांना आपापल्या नियमावली तीन महिन्यांत सुधारण्यास सांगितलें, आणि कैद्यांच्या नोंदवहींतला जातीचा रकाना काढून टाकण्याची आज्ञा केली. एका सर्वसाधारण आज्ञेनें हें काम भागण्यासारखें नव्हतें. प्रत्येक राज्याची नियमावली वेगळी, कलमाचा आंकडा वेगळा, शब्द वेगळे. कोठें एक पोटवाक्य अधिक, कोठें एक कमी. म्हणून निकालपत्रांत तीं कलमें एकेक करून, त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावीं लागलीं.